चांदीचे कूळ आणि चांदीचा कस

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



प्रथम संत नरहरी महाराजांना वंदन करतो. ज्यांच्या हाती हातोडी आणि ओठी पांडुरंग होता त्या सत्पुरुषाचे नाव घेऊन धातूंविषयी बोलण्यास आरंभ करावा, हे आपल्या सोनार समाजास शोभण्यासारखेच आहे.

मंडळाच्या चिटणिसांनी मजकडे विषय मागितला तेव्हा मी ‘चांदी’ असे एका शब्दात कळविले. त्यांना किंचित नवल वाटले असावे. सोनाराने सोन्यावर बोलावे, चांदीवर काय बोलायचे? खरे आहे, आपल्या घरांत चांदीची स्थिती धाकट्या जावेसारखी असते. देवपूजा तिने करावी, बारशाला तिने यावे, नववधूच्या पायांत तिने राहावे, आणि मान मात्र थोरलीने घ्यावा. तथापि विषय निवडण्याचे कारण निराळे आहे. मंडळाच्या गतवर्षीच्या विद्यार्थी-गुणगौरव समारंभात आठवी-नववीतल्या एका मुलीने मला प्रश्न विचारला. तिच्या शाळेच्या पुस्तकात सोने, चांदी, प्लॅटिनम यांना ‘राजधातू’ म्हटले आहे. ती म्हणाली, “आमच्या देव्हाऱ्यातले चांदीचे निरांजन तर आठ दिवसांत काळे पडते. मग चांदी राजधातू कशी?” प्रश्न लहान मुलीचा होता, पण त्याचे उत्तर आपणांपैकी पुष्कळ थोरांनाही नीट देता येत नाही, आणि ते न आल्यामुळे काही घरांचे प्रत्यक्ष नुकसान झालेले मी पाहिले आहे. यास्तव आज चांदीचे कूळ कोणते, धातूंच्या पंक्तीत तिचे पान कोठे मांडावयाचे, हे थोडे विस्ताराने पाहू.

आपल्या पूर्वजांनी या प्रश्नाचा विचार केला नव्हता असे नाही. तेराव्या शतकाच्या सुमाराच्या ‘रसरत्नसमुच्चय’ या रसशास्त्राच्या ग्रंथात धातूंचे तीन वर्ग केले आहेत. सोने, चांदी, तांबे आणि लोखंड हे शुद्ध लोह. शिसे आणि कथील हे पूतिलोह, म्हणजे तापविले असता दुर्गंध सोडणारे. आणि पितळ, कासे व वर्तलोह हे मिश्र लोह. येथे ‘लोह’ हा शब्द धातू या सामान्य अर्थाने आहे. चांदीचेही पुन्हा तीन प्रकार सांगितले आहेत : सहज, खनिज आणि कृत्रिम. मला मात्र या वर्गवारीपेक्षा त्याच ग्रंथातील उत्तम चांदीची लक्षणे अधिक मोलाची वाटतात. चांदी जड असावी, स्निग्ध असावी, मऊ असावी, शंखासारखी असावी, हे तर कोणीही सांगेल. पण ग्रंथकार पुढे सांगतो की, ती तापविली असता आणि छेदली असताही पांढरी राहिली पाहिजे. म्हणजे वरून दिसते त्यावर भिस्त ठेवू नका, अग्नीत घाला आणि कापून पाहा. हे वाक्य आजच्या व्याख्यानापुरते आपण लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

त्याहून कितीतरी जुन्या कौटिलीय अर्थशास्त्रात सुवर्णाध्यक्षाच्या प्रकरणात चांदीच्या चार जाती त्यांच्या उत्पत्तिस्थानांवरून सांगितल्या आहेत आणि अशुद्ध चांदी चतुर्थांश शिसे घालून शोधावी असा विधी दिला आहे. शिसे घालून चांदी शुद्ध करणे हा आपल्याकडील मुशीचा व्यवहार आजही त्याच तत्त्वावर चालतो : तापलेले शिसे हवेतील प्राणवायू घेऊन स्वतः भस्म होते, तांब्यासारख्या हीन धातूंनाही आपल्याबरोबर नेते, खापरीत जिरते, आणि चांदीचा मणी तेवढा मागे राहतो. हवेने भट्टीतसुद्धा जिचे भस्म होत नाही ती चांदी. राजधातू या पदवीचा खरा अर्थ येथेच, खापरीच्या तळाशी आहे. चकाकी हा त्या पदवीचा आधार नव्हेच.

त्याच ग्रंथात पुढच्या प्रकरणात आपल्या जातिबांधवांविषयी जे लिहिले आहे तेही मोकळेपणाने सांगितले पाहिजे. सोनार सोने कोणत्या पाच मार्गांनी चोरतो याची यादी कौटिल्याने दिली आहे. त्यात तराजूची लबाडी आहे, आणि ‘पेटक’ नावाची एक युक्तीही आहे. पेटक म्हणजे आत शिशाचा तुकडा ठेवून वरून सोन्याचा पत्रा मढविणे. दोन सहस्रकांपूर्वी राजमान्य ग्रंथात आपली एवढी दखल घेतली गेली याचा अभिमान बाळगावा की संकोच, हे ज्याचे त्याने ठरवावे. सोनारानेच कान टोचावे अशी म्हण आहे. मी तेवढेच करीत आहे.

आता आधुनिक शास्त्राकडे वळू. रशियन शास्त्रज्ञ मेंडेलीव्ह याने १८६९ साली मूलद्रव्यांची आवर्त सारणी सिद्ध केली. आजच्या सारणीत चांदीचा अणुक्रमांक ४७ असून ती अकराव्या गणात बसते. तिच्या डोक्यावर तांबे, अणुक्रमांक २९. तिच्या पायाखाली सोने, अणुक्रमांक ७९. तांबे, चांदी, सोने : ज्या तीन धातूंची नाणी जगभर पाडली गेली ते तिन्ही एकाच उभ्या ओळीत आले आहेत. नाणी पाडणाऱ्या राजांना अणूची घटना ठाऊक नव्हती. तरी त्यांच्या हातांनी जो निवाडा केला तोच शास्त्राने पुढे कायम केला.

या तिघांच्या अणूंत बाह्यतम कक्षेत एकेकच इलेक्ट्रॉन असतो आणि त्याच्या आतील एक कोठा दहा इलेक्ट्रॉनांनी पूर्ण भरलेला असतो. हा भरलेला कोठाच एका वादाचे मूळ आहे. ज्या धातूंचा हा आतील कोठा अपुरा असतो त्यांना संक्रमण मूलद्रव्ये म्हणतात. लोखंड, निकेल ही त्यांची उदाहरणे. मग जिचा कोठा भरलेला आहे ती चांदी त्यांत कशी धरावी? उत्तर असे की, चांदी सामान्यतः एक इलेक्ट्रॉन देऊन संयुग करते. परंतु फ्लोरिनसारख्या अति उग्र द्रव्यापुढे तिला दुसराही द्यावा लागतो आणि मग तो कोठा उघडा पडतो. म्हणून तिची गणना संक्रमण मूलद्रव्यांत केली जाते. व्यवहारात याचा आपल्याला फारसा उपयोग नाही. पण मुलांनी परीक्षेत विचारले तर सांगता यावे.

व्यवहाराला उपयोगी अशी गोष्ट निराळी आहे, आणि ती आपल्या गलाईवाल्या बंधूंना पुस्तकाशिवाय ठाऊक असते. सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी या भागांतील माणसे सोन्या-चांदीच्या गलाईचा धंदा करीत हिंदुस्थानभर पसरली आहेत. त्यांच्या भट्टीशी उभे राहून पाहावे. अशुद्ध चांदी शोऱ्याच्या तेजाबात विरघळवितात. पाणी स्वच्छ दिसते, चांदी कोठे गेली असे वाटते. मग त्यात तांब्याची पट्टी सोडतात. थोड्याच वेळात पट्टीवर करड्या, मऊ, शेवाळासारख्या चांदीचा थर चढू लागतो आणि पाणी निळे होत जाते. तांबे स्वतः विरघळून चांदीला मोकळे करते. चांदीच्या द्रवात सोन्याची पट्टी सोडाल तर काहीच होणार नाही. तांबे चांदीला बाहेर काढू शकते, सोने काढू शकत नाही. कारण या श्रेणीत तांब्याच्या वर चांदी आणि चांदीच्या वर सोने आहे. चांदी तेजाबात विरघळते, सोने विरघळत नाही. त्याला तेजाब आणि मिठाचे आम्ल यांचे मिश्रण, म्हणजे अम्लराज लागते. नुसत्या मिठाच्या आम्लाला मात्र चांदीही दाद देत नाही. तेव्हा चांदी राजकुळातील खरी, पण सिंहासनावरील नव्हे. मधल्या पायरीवरील म्हणा.

एका बाबतीत मात्र ती दोघांनाही मागे टाकते. वीज आणि उष्णता वाहून नेण्यात सर्व धातूंत चांदीचा क्रमांक पहिला आहे. त्यामुळे सौर विजेच्या तबकड्या, विजेची बटणे, इलेक्ट्रॉनिक उपकरणे यांत ती मोठ्या प्रमाणावर खपते. जगातील चांदीच्या मागणीपैकी निम्म्याहून अधिक आज उद्योगधंद्यांची आहे. चांदी मूल्यवान धातू समजावी की औद्योगिक धातू, असा नवाच प्रश्न त्यामुळे बाजारात उभा राहिला आहे. २०२५ साली चांदीचा दर किलोमागे एक लाख रुपयांच्या कितीतरी वर गेला, त्यामागे हेही एक कारण होते.

आता त्या मुलीच्या निरांजनाकडे येऊ. चांदीवर जो काळा थर चढतो तो लोखंडाच्या गंजासारखा प्राणवायूपासून झालेला नसतो. चांदीचे वैर गंधकाशी आहे. हवेत गंधकाचा वायू, विशेषतः कुजक्या अंड्यासारखा दर्प असलेला हायड्रोजन सल्फाइड, हवेच्या अब्ज भागांत एखादा भाग असला तरी चांदीला तो कळतो आणि तिच्या पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा काळा पापुद्रा धरतो. अंडे, कांदा, रबर, लोकरीचे कापड, अंगाचा घाम, या सर्वांत गंधक असते. आणि आपल्या तिन्ही गावांविषयी काय सांगावे? जिच्या काठी शके ९८२ मध्ये, म्हणजे इ. स. १०६० च्या सुमारास, शिलाहारांनी अंबरनाथाचे देऊळ उभे केले ती वालधुनी आज अंबरनाथ-उल्हासनगरातून कोणत्या स्थितीत वाहते हे आपण नाक मुठीत धरून नित्य पाहतो. जेथे मैला आणि सांडपाणी साचून कुजते तेथे हाच वायू निर्माण होतो. कृत्रिम रेशमासारख्या काही रासायनिक धंद्यांतही तो उत्पन्न होतो. वस्तुसंग्रहालयांत हवा किती दूषित आहे हे समजण्यासाठी चांदीच्या लहान पट्ट्या टांगून ठेवण्याची पद्धत आहे. आपल्या घरातील निरांजन तेच काम विनामूल्य करीत असते. आपल्या शाळांतील विद्यार्थ्यांनी एकाच लगडीतून कापलेल्या चांदीच्या पट्ट्या बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर येथे एक महिना टांगून पाहाव्या असे मी सुचवितो. कोणत्या गावाची हवा कशी, याची साक्ष ती देईल, आणि त्या साक्षीदाराला कोणी फितवू शकणार नाही.

सारी गोष्ट येथे फिरते : काळी पडलेली चांदी खोटी असते हा समज साफ चुकीचा आहे. शुद्ध चांदीही काळी पडते. उलट जर्मन सिल्व्हर नावाचा जो धातू मिळतो त्यात तांबे, निकेल आणि जस्त असते, चांदीचा कणही नसतो. तरी तो वर्षानुवर्षे पांढरा दिसतो. (आपल्याकडील जुन्या बायका ज्याला ‘जर्मनचे पातेले’ म्हणतात ते निराळे, ते ॲल्युमिनियम. नावांचा हा घोटाळा फार जुना आहे.) बाजारात ज्यांना ‘ऑक्सिडाइज्ड’ म्हणतात त्या काळसर दागिन्यांचीही अशीच गंमत. अस्सल चांदीवर तो काळेपणा गंधकाच्या क्षाराने मुद्दाम आणलेला असतो, म्हणजे तो ऑक्साइड नसून सल्फाइड असतो. आणि हल्ली या नावाने विकल्या जाणाऱ्या बहुतेक स्वस्त मालात तर चांदीच नसते. तात्पर्य, काळे ते खोटे आणि पांढरे ते खरे, हा हिशेब दोन्ही बाजूंनी फसवा आहे.

या समजाने काय होते ते सांगतो. आपल्या समाजातील एका वृद्ध विधवा भगिनीने नातवाच्या शिक्षणाच्या खर्चासाठी सासूच्या वेळचे पायांतील तोडे मोडीत काढावयाचे ठरविले. पेढीचे आणि गावाचे नाव मी घेत नाही. तोडे पेटीत लोकरीच्या शालीत गुंडाळून ठेवलेले, अर्थात काळेकुट्ट झालेले. दुकानदाराने हातात घेऊन ते काळे आहेत, हिणकस आहेत असे सांगितले आणि निम्म्या भावाने एक तोडा तेथेच ठेवून घेतला. दुसरा तोडा तिने, काय मनात आले कोण जाणे, परत आणला. तो पुढे मजकडे आला. आम्ही त्याचा एक बारीक तुकडा कापला. आतून पांढराशुभ्र. तापविला, पांढराच राहिला. टंच काढला तेव्हा ती उत्तम चांदी निघाली. पहिला तोडा तोवर कोणत्यातरी मुशीत वितळून गेला होता. त्या बाईंना मी शास्त्र समजावून सांगितले, त्या एवढेच म्हणाल्या, “मग हे आधी कोणी का सांगितले नाही?”

त्यांचा तो प्रश्न हाच माझ्या आजच्या बोलण्याचा खरा विषय समजा.

चांदीचा कस ओळखण्याचे सर्वांत जुने लोकशिक्षण नाण्यांनी केले. ‘रुपया’ हा शब्दच ‘रूप्य’ या चांदीच्या नावापासून आला आहे. अर्थशास्त्रातील चांदीच्या पणातही चतुर्थांश तांबे घालावे असे सांगितले आहे. तेव्हा भेसळ आणि मिश्रण यांत फरक करावयास आपण शिकले पाहिजे. चांदी मऊ असते म्हणून तीत तांबे घालणे हा गुन्हा नाही. किती घातले ते न सांगणे हा गुन्हा आहे. शिलाहारांच्या काळी पश्चिम हिंदुस्थानात गधैया नावाची जी नाणी चालत, त्यांतील चांदी पिढ्यान्‌पिढ्या घटत गेली आणि तांबे वाढत गेले. नाव मात्र तेच राहिले. इंग्रजी राज्यात १८३५ साली सर्वत्र एकच रुपया ठरला : वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, आजच्या हिशेबाने ११.६६ ग्रॅम, त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. म्हणजे राणीछाप रुपयात सुमारे १०.६९ ग्रॅम निव्वळ चांदी असते. १८९३ साली टांकसाळी लोकांच्या चांदीस बंद झाल्या, तरी रुपयातील चांदी तीच राहिली. दुसऱ्या महायुद्धात, १९४० पासून, ती निम्म्यावर आली. उरलेल्यात तांबे, निकेल आणि जस्त. १९४७ चा रुपया तर निव्वळ निकेलचा. छापावर राजाचे मुखवटे तेच, आणि पोटातील चांदी तीन प्रकारची!

लक्ष्मीपूजनासाठी आपल्या घरोघरी असे रुपये ठेवलेले असतात. भगिनींनी आज घरी गेल्यावर ते काढून त्यांवरील साल पाहावे. १९४० च्या आधीचा असेल तर तो एका भावाचा, १९४० ते १९४५ मधील असेल तर जवळजवळ निम्म्या भावाचा, आणि १९४७ चा असेल तर केवळ पूजेचा. जुनी माणसे नाणे फरशीवर वाजवून घेत. खणखणीत नाणे हा वाक्प्रचार त्यातूनच आला आहे, आणि ती परीक्षा अगदीच टाकाऊ नाही. पण साल वाचणे अधिक सोपे.

धातूंच्या वर्गवारीचा संबंध आपल्या चुलीशी किती जवळचा असतो हे आपल्या समाजाने १९६३ साली अनुभवले. त्या वर्षीच्या जानेवारीत सुवर्णनियंत्रणाचा हुकूम निघाला आणि चौदा कॅरटांहून अधिक कसाचे दागिने घडविण्यास बंदी झाली. बावीस कॅरटांवर ज्यांचा हात बसला होता त्या कारागिरांच्या शेगड्या विझल्या. देशात कित्येक सोनारांनी जीव दिला. त्या हुकमात, आणि पुढे १९६८ च्या कायद्यातही, चांदी नव्हती. जो कारागीर चांदीचे पैंजण, वाळे, करंडे घडवीत होता त्याला हा नियम लागू झाला नाही. ज्यांना चांदीचे काम येत नव्हते त्यांतील अनेकांनी कारखान्यांची वाट धरली. हा कायदा १९९० साली रद्द झाला. कायद्याने सोने आणि चांदी यांच्यामध्ये एक रेघ ओढली आणि त्या रेघेच्या कोणत्या बाजूस आपण आहोत यावर घरातील भाकरी ठरली. धाकट्या जावेने तेव्हा किती घरे सांभाळली हे कृतज्ञतेने आठवावे.

आज रेघ पुन्हा आहे, पण ती उलट दिशेने आपल्याला बाधते. सोन्याच्या दागिन्यांवर शुद्धतेचा शिक्का, म्हणजे हॉलमार्क, २००० सालापासून मिळू लागला, चांदीवर २००५ पासून. सोन्याला तो जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. चांदीला १ सप्टेंबर २०२५ पासून प्रत्येक नगावर सहा अक्षरांकांचा ओळख-क्रमांक देण्याची व्यवस्था सुरू झाली, परंतु ती ऐच्छिक ठेवण्यात आली. भारतीय मानक संस्थेने चांदीच्या सात प्रती ठरविल्या आहेत : ८००, ८३५, ९२५, ९५८, ९७०, ९९० आणि ९९९. हा अंक म्हणजे हजार भागांत चांदीचे भाग किती. ९२५ म्हणजे हजारांत नऊशे पंचवीस चांदी, उरलेले बहुधा तांबे. इतके सोपे असून चांदीच्या खरेदीत आपल्या घरांतून हा अंक किती जण विचारतात? सोन्याच्या वेळी बावीस की अठरा असे विचारणारी तीच मंडळी चांदीच्या वेळी वजन आणि मजुरी विचारून उठतात. ऐच्छिक म्हणजे अनावश्यक, असा आपण अर्थ लावून घेतला आहे.

शिक्का म्हणजे सर्व काही, असेही मी म्हणत नाही. उल्हासनगरच्या मालावरील ‘यू.एस.ए.’ या अक्षरांचा ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा अर्थ सांगणारा विनोद आपल्या सिंधी शेजाऱ्यांनीच आपल्याला हसत हसत ऐकविलेला आहे. १९४७ नंतर सर्वस्व गमावून आलेल्या आणि छावणीच्या बराकींतून बाजारपेठ उभी करणाऱ्या त्या लोकांना हसण्याचा अधिकार आहे. आपण तो विनोद स्वतःच्या पेढीस लावून पाहावा. ठसा कोणीही मारू शकतो. म्हणून ओळख-क्रमांक सरकारी नोंदीशी ताडून पाहावा. आता पुष्कळ पेढ्यांत क्ष-किरणांचे यंत्र असते आणि ते क्षणात टक्के सांगते. यंत्र चांगले आहे, पण त्याची नजर पृष्ठभागापुरती असते. जर्मन सिल्व्हरवर चांदीचा जाड मुलामा असेल तर ते मुलाम्याचे टक्के सांगेल. कौटिल्याच्या पेटकाला यंत्रही फसते. जड नगांच्या बाबतीत कापून पाहणे किंवा वितळवून टंच काढणे याला पर्याय नाही.

झाळकामाचा मुद्दाही स्पष्ट असावा. चांदीच्या दागिन्याचे सांधे ज्या झाळेने जोडतात तीत तांबे, जस्त अधिक असते, कारण ती दागिन्याच्या आधी वितळली पाहिजे. नुसती चांदी ९६२ अंशांस वितळते, तांबे १०८५ अंशांस. पण ७२ भाग चांदी आणि २८ भाग तांबे यांचे मिश्रण ७८० अंशांसच वितळते, हा या दोन सख्ख्यांचा चमत्कार आहे आणि झाळेची सर्व विद्या त्यावर उभी आहे. पैंजणासारख्या शेकडो कड्यांच्या दागिन्यात झाळ अधिक जाणारच. तेव्हा पैंजण वितळविल्यावर टंच थोडा कमी आला तर कारागिराला चोर म्हणू नये. पण विकताना हे न सांगणाऱ्याला सावही म्हणू नये. हुपरीसारख्या गावात घराघरांतून जे चांदीकाम होते त्यातील कौशल्य पाहिलेल्या माणसाला मजुरी जास्त वाटत नाही. मजुरी उघड घ्यावी आणि चांदी उघड सांगावी, एवढेच मागणे आहे.

म्हणून आपल्या समाजातील पेढीवाल्या बंधूंपुढे माझी एक सूचना आहे. चांदीच्या प्रत्येक नगाच्या पावतीवर चार गोष्टी लिहाव्या : वजन, कसाचा अंक, मजुरी निराळी, आणि हाच नग परत आणल्यास कोणत्या दराने व किती घट धरून घेऊ ते. जुना माल मोडीत घेताना गिऱ्हाइकासमोर कापून दाखवावा. कोणत्याही कायद्याने हे सक्तीचे नसले तरी मंडळाने ठराव केल्यास सभासद पेढ्यांना ते बंधनकारक होऊ शकते. याने सुरुवातीस काही धंदा शेजारच्या दुकानात जाईल हे मी जाणून आहे. ज्यांना तो तोटा सोसवत नाही त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. पण त्यांनी दुकानात नरहरी महाराजांची तसबीर कोठे लावली आहे तेवढे एकदा पाहावे.

आणि बंधुवर्गापेक्षा भगिनीवर्गास एक विनंती. पावती दागिन्याबरोबर ठेवावी, कपाटातील निराळ्या कप्प्यात नव्हे. दागिना सासूकडून सुनेकडे जातो तेव्हा कागदही जावा. आपल्याच तालुक्यालगतच्या मुरबाडचे म्हणून ज्यांचा आपण अभिमान बाळगतो ते दैवज्ञ समाजातील नाना शंकरशेट यांनी शाळा, रेल्वे, नगरसुधारणा यांत जे केले ते सर्वश्रुत आहे. ज्या समाजात असा पुरुष निपजला त्या समाजाने आपल्या बायकांना पावती वाचावयास शिकवू नये, हे पटत नाही.

सभेनंतर एका भगिनीने दोन प्रश्न विचारले. ते सर्वांच्या उपयोगाचे असल्यामुळे त्यांची उत्तरे येथे देतो. काळी पडलेली चांदी उजळावी कशी, हा पहिला. राखेने किंवा खरखरीत पावडरीने घासू नये. घासताना काळ्या थराबरोबर चांदीही जाते, आणि शंभर वर्षे घासलेल्या निरांजनाची नक्षी बोथट होते ती त्यामुळेच. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात, म्हणजे आपल्या जर्मनच्या पातेल्यात, गरम पाणी घ्यावे, त्यात खाण्याचा सोडा व थोडे मीठ घालावे आणि वस्तू पातेल्याच्या बुडाला टेकेल अशी ठेवावी. काही मिनिटांत गंधक चांदीला सोडून ॲल्युमिनियमकडे जाते आणि चांदी जागच्या जागी परत मिळते. पातेले मात्र काळवंडते; त्यात पुन्हा अन्न शिजवू नये, एक जुने पातेले यासाठीच राखून ठेवावे. खड्यांचे, लाखेने भरलेले किंवा मुद्दाम काळे केलेले दागिने त्यात घालू नयेत.

दुसरा प्रश्न तान्ह्या बाळाच्या वाळ्यांचा होता. वाळे काळे पडले म्हणजे बाळाला दृष्ट लागली किंवा त्याच्या अंगात उष्णता आहे, असे घरातील वडील मंडळी सांगतात. बाळाच्या घामात आणि घरच्या हवेत गंधक आहे, एवढाच त्याचा अर्थ. वाळे वरीलप्रमाणे उजळून, स्वच्छ पाण्याने धुऊन, कोरडे करून पुन्हा घालावे. कडा झिजून धारदार झाली असेल तर मात्र आधी सोनाराकडून गोल करून घ्यावी, आणि त्याच वेळी त्याला वाळ्यांचा अंक विचारून तो लिहून ठेवावा.